वसतिगृहाची बॅग भरण्याआधी

बॅगेआधी फाईल भरा. कोल्हापुरात कॉलेजात प्रवेश झाला म्हणजे वसतिगृहात खोली मिळाली, असं नसतं. अर्ज वेगळा, यादी वेगळी, आणि खोली एका वर्षापुरती; पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज. प्रवेशाची पावती, गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आठ-दहा फोटो आणि सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स. उत्पन्नाच्या दाखल्यावरची तारीख स्वतः वाचा. माझ्या भाचीचा दाखला मागच्या वर्षीचा निघाला. नवा काढेपर्यंत पहिली यादी लागून गेली आणि पोरगी दीड महिना आमच्या हॉलमध्ये गादी टाकून झोपली. रॅगिंगविरोधी हमीपत्र मात्र दोन लागतात, एक विद्यार्थ्याचं, एक पालकाचं. यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, २००९ चा नियम आहे.

स्थानिक पालक म्हणून कुणाचं नाव देताय, त्यांना आधी विचारा. पोर रात्री तापानं फणफणलं तर रेक्टरांचा फोन त्यांनाच येतो.

विद्यापीठाच्या वसतिगृहात नंबर लागला नाही तर लगेच महागडी कॉटबेसिस (एका खाटेचं भाडं भरायची) खोली धरू नका. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. जैन, मुस्लिम, लिंगायत बोर्डिंगंही त्याच काळातली. गरिबाच्या पोराला कोल्हापुरात राहून शिकता यावं, ही या गावाची जुनी कमाई आहे. दसरा चौकाच्या परिसरात एक दिवस काढा, पायी फिरून अशा बोर्डिंगांत चौकशी करा. शासकीय वसतिगृहातही अर्ज टाकाच. तिथं जागा मिळाली नाही तर अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार योजनेतून पैसे मिळू शकतात. विद्यापीठातल्या 'कमवा व शिका'बद्दलही विचारा.

सामानात गादी, बादली, तांब्या आणि तीन किल्ल्यांचं चांगलं कुलूप. इथला जुलै हलका समजू नका. जाड जीन्स तीन-तीन दिवस वाळत नाही, कॉटखालच्या ट्रंकेतल्या वह्यांनाही बुरशीचा वास लागतो. पातळ कपडे, नायलॉनची दोरी, चिमटे आणि कागदपत्रांना प्लॅस्टिकची पिशवी घ्या.

मेसचे पैसे भरताना खाड्याचा, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचा, नियम विचारून घ्या: किती दिवस आधी सांगायचं, सलग किती दिवस गेले तर पैसे वळते होतात. गावी जाताना वहीत नाव लिहूनच एसटी पकडा.