थंडी पडायच्या आत: कांदा-बटाट्याच्या तयारीची यादी

आमच्या पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव-खेडच्या पट्ट्यात सोयाबीन निघालं की वावर मोकळं होतं आणि ‘दिवाळी होऊ द्या, मग बघू’ असं जो तो म्हणतो. पण बटाटा ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत जमिनीत गेला पाहिजे, आणि उन्हाळ (रब्बी) कांद्याचं बीही त्याच सुमाराला टाकायचं असतं. बटाटा पोसतो तो 18 ते 20 अंशांच्या गारव्यात. पारा 30 च्या वर गेला की पोसणं थांबतं. लागवड पंधरा दिवस लांबली तर तेवढा गारवा शेवटी कमी पडतो आणि माल गोलटीवर, म्हणजे बारीक बटाट्यावरच थांबतो. म्हणून मी ही सगळी जुळवाजुळव दसऱ्याच्या आत करायला घेतो.

पहिलं काम पाण्याचा हिशोब. बटाटा जानेवारी-फेब्रुवारीत निघून जातो, कांदा मात्र एप्रिलपर्यंत पाणी मागतो. विहीर मार्चमध्ये तळाला जात असेल आणि कालव्याच्या आवर्तनाची (पाणी सोडायच्या पाळीची) खात्री नसेल, तर कांद्याचं क्षेत्र आत्ताच कमी करा. मोटर, स्टार्टर, ठिबकच्या नळ्या एकदा चालवून बघा. रात्रीची लाईट असेल तर पिकाला पाणी भरायला एकट्यानं जाऊ नका. आमच्याकडे उसात बिबट्या आहे, दोघं मिळून जा, चांगली बॅटरी आणि काठी हाताशी असू द्या.

वावर ठरवताना बटाटा टोमॅटो, वांगी किंवा मिरचीच्या फेरावर, म्हणजे ती पिकं निघालेल्या रानात घेऊ नका. ही सगळी एकाच कुळातली, एकाचा रोग दुसऱ्याला लागतो. सोयाबीन किंवा बाजरीचं रान चांगलं. खोल नांगरट, मग कुळवाच्या पाळ्या, आणि शेवटच्या पाळीआधी शेणखत. खत पूर्ण कुजलेलं हवं. ढिगात हात घातल्यावर ऊब लागली तर ते कच्चं आहे. त्यातून हुमणी ही अळी वावरात येते आणि बटाट्याला भोकं पाडते.

आता बियाणं. माझ्या मते निम्मी तयारी इथेच आहे. बटाट्याचं बेणं, म्हणजे लावायचे बटाटे, आमच्याकडे पंजाबातून, जालंधरकडून मंचरच्या बाजारात येतं. एकरी 6 ते 8 क्विंटल धरा. शीतगृहातून आलेलं बेणं लगेच लावायचं नसतं. पिशव्या सोडून हवेशीर सावलीत, मंद उजेडात आठ-दहा दिवस पातळ पसरून ठेवा. एका वर्षी लग्नाच्या गडबडीत आम्ही पिशव्या थप्पी लावून तशाच ठेवल्या. चौथ्या दिवशी खालच्या थरातून पाणी सुटलं आणि वास यायला लागला; सात पिशव्या उकिरड्यावर टाकाव्या लागल्या. तेव्हापासून पसरायची जागा आधी झाडून तयार करतो, गाडी नंतर बोलावतो.

नीट पसरलेल्या बेण्याच्या डोळ्यांतून आखूड, जाड, जांभळट-हिरवे कोंब फुटतात. अंधारात ठेवलं तर तेच कोंब पांढरे, लांब आणि हात लागताच मोडणारे होतात. अंड्याएवढं बेणं अख्खंच लावा. मोठं असेल तर उभं कापा, म्हणजे प्रत्येक फोडीला दोन-तीन डोळे येतात. कापायला दोन विळे घ्या. एक चालू असताना दुसरा पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यात बुडवून ठेवा. आतून तपकिरी कडं दिसलं की तो बटाटा बाजूला टाकून विळा बदलायचा. हे काम माझी आई करते. ती प्रत्येक फोड उजेडाकडे धरून बघते आणि मगच पाटीत टाकते. फोडी सावलीत पसरा, कापावर कोरडा पापुद्रा धरला की लागवड.

कांद्याचं बी एका वर्षातच उगवण गमावतं, त्यामुळे गेल्या साली उरलेल्या पुडीच्या भरवशावर राहू नका. घरचं असो की विकतचं, शंभर बिया मोजून ओल्या सुती फडक्यात गुंडाळा आणि आठव्या दिवशी कोंब मोजा. सत्तरच्या खाली आले तर बी बदला. एन-2-4-1 हा वाण साठवणीला टिकतो. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाचे भीमा शक्ती आणि भीमा किरण हे वाणही रब्बीला चालतात. एकराला तीन-चार किलो बी आणि दोन गुंठे रोपवाटिका धरा. एक मीटर रुंद, पंधरा सेंटिमीटर उंच गादीवाफे करा, बी फोकू (विस्कटून टाकू) नका, ओळीत टाका आणि चाळलेल्या शेणखतानं झाका. रोप 50 ते 55 दिवसांचं झालं की लावायचं. लवकर टाकलेलं रोप जाड होतं, मग कडाक्याची थंडी लागली की वावरात डेंगळे, म्हणजे फुलाचे दांडे निघतात. असा कांदा साठवणीच्या चाळीत टिकत नाही.

खतांच्या पावत्या माती परीक्षणाचा कागद हातात आल्यावरच फाडा. कांद्याला गंधक विसरू नका, आणि लागवडीनंतर साठ दिवसांनी नत्र अजिबात देऊ नका. माना जाड होतात आणि जोड कांदे वाढतात. बटाट्याला महिन्यानं भर द्यायची (बुडाशी माती चढवायची) आहे, त्यासाठी सरी यंत्राला बसेल एवढ्या अंतराची पाडा. भर कमी पडली की उघडे बटाटे हिरवे होतात, ते खायचे नसतात. मँकोझेब हे बुरशीनाशक घरात आणून ठेवा. धुकं आणि ढगाळ हवा सलग दोन दिवस राहिली की करपा हा बुरशीचा रोग वाट बघत नाही.

लागवडीच्या बायकांना आत्ताच शब्द द्या. डिसेंबरच्या शेवटी सगळ्या गावाची रोपं एकदमच तयार होतात, आणि उपटलेलं रोप दोन दिवस पडून राहिलं की मलूल होतं. त्यांच्या पिण्याच्या पाण्याची आणि बांधावर सावलीची सोयही याच यादीत धरा. दिवसभर वाकून काम असतं.

कांदाचाळीकडे बघायला एप्रिल उजाडू देऊ नका. खालून हवा खेळती आहे का, बांबू कुजलेत का, पत्रा गळतो का ते मोकळ्या दिवसांत बघून घ्या. बटाट्याला वेगळी, अंधारी जागा काढा, कांद्याशेजारी नको.

आमच्या फडक्यातल्या बिया भिजवून आज सहावा दिवस. परवा सकाळी मोजायच्या आहेत.