साइड-स्क्रोलर गेममध्ये पात्राचं तोंड नीट कसं वळवावं

डावं बटण दाबलं की पात्राने डावीकडे बघायचं, उजवं दाबलं की उजवीकडे. शिकवणीचे बहुतेक व्हिडिओ हे एका ओळीत उरकतात आणि पात्र नुसतं चालत असेपर्यंत तेवढं पुरतंही. मग गेममध्ये तलवार येते, भिंतीवरून उडी येते, शत्रूचा धक्का येतो, कुणीतरी जॉयस्टिक जोडतं, आणि तीच ओळ सगळीकडे आडवी येते. पुढचं सगळं गोडॉट ४ हे गेम बनवायचं इंजिन धरून लिहिलंय. पात्र कॅरेक्टरबॉडी-टूडी नोडवर (फिजिक्समध्ये हलणाऱ्या पात्राचा घटक) आहे, त्याखाली स्प्राइट (पात्राचं चित्र) आणि कोलिजन शेप (टक्कर ओळखणारा आकार) आहे, चालणं आणि उडी जमलेली आहे, हे गृहीत धरतो.

दिशेसाठी वेगळा व्हेरिएबल

स्क्रिप्टच्या वरच्या भागात ‘फेसिंग’ नावाचा एक व्हेरिएबल करा. त्याची किंमत १ किंवा उणे १. शून्य कधीही नाही. ‘सेलेस्ट’ या २०१८ च्या गेमच्या निर्मात्यांनी खेळाडूच्या पात्राचा कोड सगळ्यांसाठी खुला केला आहे. त्यातही दिशेला दोनच किमती आहेत, उजवीकडे १ आणि डावीकडे उणे १. तिसरी किंमत ठेवलेलीच नाही.

‘दिशा वेगावरूनच काढा, वेग उणे असेल तर डावीकडे’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. शत्रूने समोरून धक्का दिला की पात्राचा वेग मागच्या दिशेला जातो, आणि ज्याने मारलं त्याच्याकडेच ते पाठ फिरवतं. बर्फावर घसरताना, वाऱ्याने ढकलल्यावर हेच होतं. पात्र कुठे सरकतंय आणि कुठे बघतंय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या वेगळ्याच साठवा.

दर फिजिक्स फ्रेमला इनपुटचा अक्ष (डावीकडे उणे, उजवीकडे अधिक, काही दाबलं नसेल तर शून्य) वाचा. तो शून्य नसेल आणि वळायला परवानगी असेल, तरच त्याचं चिन्ह फेसिंगमध्ये टाका. शून्य असेल तर फेसिंगला हात लावू नका. चिन्ह काढणारं फंक्शन शून्याला शून्यच देतं, त्यामुळे ही अट विसरलात तर बटण सोडताच फेसिंग शून्य होतं आणि पात्र आपोआप उजवीकडे बघू लागतं. दोन्ही बटणं एकदम दाबली तरी अक्ष शून्यच येतो, म्हणजे तो प्रश्नही इथेच मिटतो.

चित्र उलटवणं

फेसिंग शून्यापेक्षा कमी असेल तर स्प्राइटचा फ्लिप-एच (चित्र आडवं उलटवणारा पर्याय) चालू, नाहीतर बंद.

चित्राबरोबर बाकीचं कसं वळवायचं

खरी अडचण इथे आहे, आणि मी सर्वांत जास्त अडकलो तोही इथेच. फ्लिप-एच फक्त चित्र उलटवतो. तलवारीचा हिटबॉक्स (वार जिथे लागतो तो भाग), गोळी सुटण्याची जागा, पुढे कडा आहे का हे तपासणारा रेकास्ट (न दिसणारी रेघ), हे सगळे होते तिथेच राहतात. पात्र डावीकडे बघतं आणि वार उजवीकडे बसतो.

यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘अख्ख्या पात्राचा स्केल एक्स (आडवा आकार) उणे १ करा, पोटातलं सगळं आपोआप उलटेल’. युनिटी या दुसऱ्या इंजिनमध्ये हे खूप जण करतात आणि तिथे ते चालतं, कारण तिथे स्केल स्वतंत्र साठवलेला असतो. गोडॉटमध्ये कॅरेक्टरबॉडीवर हे करू नका.

कारण समजून घ्या, म्हणजे पुन्हा मोह होणार नाही. गोडॉटमध्ये नोडची जागा, फिरणं आणि आकार मिळून एक मॅट्रिक्स (आकड्यांचा तक्ता) बनतो. हालचाल झाली की फिजिक्स तो मॅट्रिक्स नव्याने लिहितं, आणि पुढच्या वेळी स्केल विचारला की इंजिन त्याच मॅट्रिक्समधून फिरणं आणि आकार पुन्हा वेगळे काढतं. आता आडवं उलटवलेलं चित्र आणि १८० अंश फिरवून उभं उलटवलेलं चित्र ही गणिताने एकच आहेत. गोडॉट नेहमी दुसरं उत्तर देतो. म्हणजे तुम्ही स्केल एक्स उणे १ लिहिलात, तरी पुढच्या फ्रेमला तो १ दिसतो. सोबत स्केल वाय उणे १ आणि फिरणं १८० अंश. आता डावं बटण अजून दाबलेलंच आहे, म्हणून कोड पुन्हा उणे १ लिहितो आणि पात्र उजवीकडे वळतं. त्यापुढच्या फ्रेमला परत डावीकडे. सेकंदाला ६० फिजिक्स फ्रेम धरल्या तर पात्र नुसतं थरथरतं. उजवं बटण दाबून स्केल एक्स १ लिहिलात तर काहीच होत नाही, कारण इंजिनच्या हिशेबाने तो आधीच १ आहे. पात्र डावीकडेच अडकून बसतं.

मग कुणीतरी सुचवतं की दिशा बदलेल तेव्हाच एकदा उणे १ ने गुणा. थरथर थांबते खरी, पण आता प्रत्येक वळण आधीच्या स्थितीवर अवलंबून राहतं. एखादं वळण दोनदा झालं किंवा निसटलं, की तिथून पुढे सगळं उलटं. दिशा कायम नेमकी लिहावी, ‘आहे त्याच्या उलट’ असं कधी लिहू नये.

माझी पद्धत अशी आहे. फेसिंगला सेटर (किंमत लिहिली की आपोआप चालणारं फंक्शन) लावायचा आणि दिशेनुसार बदलणारी प्रत्येक गोष्ट त्या एकाच सेटरमधून हलवायची. गोळी सुटण्याची जागा उजवीकडे बघताना एक्स २२ वर असेल, तर सेटरमध्ये तिचा एक्स २२ गुणिले फेसिंग. हिटबॉक्सच्या एरिया नोडच्या जागेलाही तसंच. कड्याच्या रेकास्टची जागा आणि त्याचं टोक, दोन्हींचे एक्स तसेच. आयताकृती किंवा गोल शेप स्वतः उलटवावा लागत नाही, नुसती जागा बदलली की पुरतं. शेप वेडावाकडा बहुभुज असेल तर डावा आणि उजवा असे दोन ठेवा आणि एका वेळी एकच चालू करा. फिजिक्सच्या शेपांना स्केल लावायचाच नाही हा नियम मी सरसकट पाळतो.

पात्र डोकं, हात, शस्त्र अशा सुट्या स्प्राइटांचं असेल, तर ते सगळे एका रिकाम्या नोड-टूडीखाली घ्या आणि त्या नोडचा स्केल एक्स फेसिंगइतका करा. इथे उणे स्केल चालतो, कारण त्या नोडचा मॅट्रिक्स फिजिक्स लिहीत नाही. पात्राच्या नावाची पाटी आणि जीव दाखवणारी पट्टी मात्र त्या नोडच्या बाहेर ठेवा, नाहीतर अक्षरं उलटी दिसतात.

वळताना पात्र बाजूला उडी मारतं तेव्हा

दोष कोडचा नसतो, चित्राचा असतो. समजा फ्रेम ४८ पिक्सेल रुंद आहे. तिचा मध्य २४ वर, पण पात्राचं अंग १८ वर काढलंय. उलटवलं की अंग ३० वर जातं, म्हणजे वळताना पात्र १२ पिक्सेल सरकतं. स्प्राइटचा ऑफसेट (चित्र किती सरकवायचं तो आकडा) एकदाच ६ देऊन हे सुटत नाही, कारण फ्लिप-एच ऑफसेटला उलटवत नाही. तो ६ गुणिले फेसिंग असा सेटरमध्येच टाका. त्याहून बरं म्हणजे सगळी ॲनिमेशन एकाच रुंदीच्या फ्रेममध्ये, अंग बरोबर मध्यावर ठेवून काढून घ्या. तलवारीसाठी पुढे जागा लागते म्हणून मागेही तेवढीच रिकामी सोडावी लागते. ती सोडा. चित्रकार कुरकुरला तरी सोडा.

कधी वळू द्यायचं नाही

हे तुमच्या गेमच्या स्वभावावर आहे, पण ठरवावं लागतंच. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये मारिओ हवेत मागे सरकू शकतो, पण त्याचं तोंड जमिनीवरून निघताना होतं तिकडेच राहतं. पाण्यात पोहताना मात्र तो वळतो. १९८७ च्या ‘मेगा मॅन’मध्ये हवेत वळून मागे गोळी मारता येते. नेम धरून गोळी मारणाऱ्या पात्राला हवेत वळू द्यावं असं माझं ठाम मत आहे. तलवार फिरत असताना मात्र वळण बंद, नाहीतर एकाच वारात दोन्ही बाजूंचे शत्रू कापले जातात. धक्का लागल्यावर, पात्र सावरेपर्यंत, तेव्हाही बंद.

भिंतीवरून उडीचा नियम वेगळा आहे. उडी घेताच फेसिंग भिंतीच्या नॉर्मलच्या (भिंतीपासून बाहेर जाणाऱ्या दिशेच्या) एक्सचं चिन्ह करा आणि क्षणभर इनपुटकडे दुर्लक्ष करा. खेळाडूचं बोट अजून भिंतीच्या दिशेलाच दाबलेलं असतं.

जॉयस्टिक पटकन सोडली की ती मध्य ओलांडून क्षणभर उलट बाजूला जाते आणि थांबलेलं पात्र एकदम मागे बघतं. त्यामुळे वळण्यासाठी चालण्यापेक्षा मोठी किंमत लागू दे. चालायला ०.२ पुरत असेल तर वळायला ०.५ ठेवून बघा.

सुटलेली गोळी

गोळीला पात्राचं अपत्य करू नका, ती लेव्हलच्या नोडखाली जोडा आणि जन्मताना त्या क्षणाचं फेसिंग तिच्यात कॉपी करा. नाहीतर पात्र हललं की हवेतली गोळीही हलते. कॅमेरा फेसिंगच्या बाजूला सरकवणार असाल तर हळू सरकवा, प्रत्येक वळणाला झटका देऊ नका.

उलटवलेलं चित्र चालतं का, हेही बघा

निन्टेन्डोच्या ८-बिट यंत्रात प्रत्येक स्प्राइटला आडवं उलटवण्यासाठी एक बिट राखलेला होता. एकाच चित्रात दोन्ही दिशा भागत आणि जागा वाचे. सोय तेव्हापासून आहे आणि तिची किंमतही. ‘स्ट्रीट फायटर’मधला सागाट वळला की त्याची डोळ्यावरची पट्टी दुसऱ्या डोळ्यावर जाते. तुमची नायिका नऊवारीत असेल तर फ्लिप-एचने तिचा पदर उजव्या खांद्यावर जाईल, आणि छातीवर देवनागरीत काही लिहिलं असेल तर ते उलटं दिसेल. लहान पिक्सेलच्या पात्रात पदराकडे कुणाचं लक्ष जात नाही. मोठ्या, रंगवलेल्या पात्रात जातं. तिथे डावीकडची चित्रं वेगळी काढा आणि सेटरमध्ये फ्लिपऐवजी ॲनिमेशनचं नाव बदला. बाकीच्या कोडला हात लावावा लागत नाही.