संकल्प म्हणजे मोठी इच्छा नव्हे

बीडीआय (बिलीफ, डिझायर, इन्टेन्शन) ही स्वतः निर्णय घेणारे प्रोग्रॅम, म्हणजे एजंट, घडवण्याची पद्धत शिकायला घेतली तेव्हा बिलीफ आणि डिझायर चटकन कळले. एजंट जगाबद्दल जे खरं धरून चालतो ती समजूत, जे घडावंसं वाटतं ती इच्छा. इन्टेन्शन (संकल्प) म्हणजे मात्र ‘सगळ्यांत जोरदार इच्छा’ असं मी धरून चाललो, आणि तिथेच अडकलो.

माझा पहिला एजंट चौकटींच्या जाळीत फिरून वस्तू गोळा करायचा. प्रत्येक वस्तूला गुण होते आणि थोड्या वेळाने ती नाहीशी व्हायची. दर पावलाला तो सगळा हिशेब नव्याने मांडायचा. बारा गुणांच्या वस्तूकडे निघाला, तीन घरं गेला, तोच पलीकडे पंधराची दिसली की वळला. तिकडे पोहोचेपर्यंत दोन्ही गायब! हिशेब दर वेळी बरोबर, हाती मात्र काही नाही.

मायकेल ब्रॅटमन या तत्त्वज्ञाने १९८७ मध्ये हेच मांडलं होतं: विचाराला वेळ लागतो, म्हणून एकदा ठरवलं की सबळ कारणाशिवाय ते पुन्हा उकरायचं नाही. संकल्प पुढचे पर्याय छाटतो. संकल्प आणि त्याचे माहीत असलेले परिणामही वेगळे: दात भरून घ्यायचा संकल्प असतो. दुखेल हे माहीत असतं, पण दुखावं असा संकल्प नसतो. राव आणि जॉर्जेफ या संशोधकांचं १९९१चं तर्कशास्त्र हा फरक नेमका पकडतो. मला ते फार देखणं वाटतं, पण मोडल लॉजिक (‘शक्य आहे’, ‘असं तो समजतो’ अशा विधानांचं तर्कशास्त्र) नवं असेल तर आधी जेसन या बीडीआय एजंट लिहिण्याच्या साधनात हात चालवा.

तिथे प्लॅनचे तीन भाग: कशाने सुरू होतो, कोणत्या परिस्थितीत लागू पडतो आणि काय करायचं. परिस्थितीची अट प्लॅन निवडतानाच तपासली जाते, तो चालू असताना नाही. त्यामुळे लांबलचक प्लॅन लिहिला की जग बदललं तरी एजंट तसाच पुढे जातो. प्लॅन आखूड ठेवा, मधली कामं उपध्येयं म्हणून सोपवा; प्रत्येक उपध्येयासाठी प्लॅन निवडताना त्याची अट ताजी तपासली जाते.

किती चिकटून राहायचं? किनी आणि जॉर्जेफ यांच्या प्रयोगांत संथ बदलणाऱ्या जगात ठाम (ठरवलेलं क्वचितच पुन्हा तपासणारे) एजंट सरस ठरले, वेगाने बदलणाऱ्या जगात सावध (वारंवार फेरविचार करणारे). हे नुसतं वाचू नका. वस्तू नाहीशा होण्याचा वेग वाढवत न्या आणि दोन्ही एजंटांचे गुण शेजारीशेजारी मांडा.