छायाचित्रावर देवनागरी शीर्षक बसवताना

पुस्तकाच्या मुखपृष्ठासाठी छायाचित्र निवडताना ते किती देखणे आहे याच्याआधी त्यात शीर्षकाला जागा कुठे आहे हे पाहावे. मोकळे आकाश, भिंत किंवा संथ पाणी चौकटीत असेल, तर अक्षरांमागे रंगीत पट्टी किंवा सावली घालावी लागत नाही. छायाचित्र मुद्दाम काढून घ्यायचे असल्यास चौकट उभी धरून वरचा साधारण एक तृतीयांश भाग रिकामा ठेवायला सांगावे.

देवनागरीत खरी कसोटी शिरोरेषेची असते. ही आडवी रेघ क्षितिजाच्या, छपराच्या कडेच्या किंवा विजेच्या तारेच्या जवळ आली, की दोन्ही रेघा एकमेकींना मारतात. समुद्रकिनाऱ्याच्या छायाचित्रात शीर्षक क्षितिजाला चिकटून ठेवले, तर अक्षरे आकाशात आणि उकार पाण्यात, अशी ओढाताण होते. म्हणून ते पुरेसे वर न्यावे किंवा सरळ खाली वाळूवर आणावे. अक्षरांमधील अंतर वाढवण्याची रोमन लिपीतील युक्ती इथे वापरू नये, कारण तिने शिरोरेषा तुटते.

शीर्षक दोन ओळींचे असेल, तर वरच्या ओळीतील उकार आणि खालच्या ओळीतील वेलांट्या तपासाव्यात. ‘भूमी’च्या बरोबर खाली ‘किनारा’ आला, तर ‘भू’चा ऊकार ‘कि’च्या वेलांटीवर आदळतो. अशा वेळी ओळींतील अंतर वाढवून शीर्षक विस्कळीत करण्यापेक्षा खालची ओळ थोडी उजवीकडे सरकवणे मला अधिक योग्य वाटते.

अक्षररचनाकार कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या शीर्षकांसाठी केलेली अक्षररचना अवश्य अभ्यासावी. तिथे शब्दाचा स्वभाव अक्षराच्या वळणातूनच उभा राहतो. अशी बोलकी अक्षरे वापरायची असतील, तर छायाचित्र शांत हवे. उलट छायाचित्रात एखादा बोलका चेहरा असेल, तर साधा, सम जाडीचा फाँट पुरतो, आणि तो कपाळावर किंवा डोळ्यांवर कधीही येऊ देऊ नये.

छपाईसाठी छायाचित्र प्रत्यक्ष आकारात 300 डीपीआय (दर इंचाला 300 ठिपके) असावे आणि चहूबाजूंनी 3 मिमी ब्लीड, म्हणजे कापताना छाटली जाणारी जादा कड, सोडावे. गडद छायाचित्रावर लेखकाचे नाव पांढऱ्या, बारीक अक्षरांत ठेवू नये, कारण छपाईत एकावर एक छापल्या जाणाऱ्या चार रंगांची जुळणी किंचित हलली तरी त्याच्या रेघा भरून येतात. शेवटी मूळ आकाराची छापील प्रत हातभर अंतरावरून वाचावी, आणि ऑनलाइन दुकानात दिसते तेवढे लहान करूनही शीर्षक वाचता येते का ते पाहावे.