माझा अनुभव: डुकाटीची डायवेल १२६० ही बाईक वळणावर आधी अडते आणि मग एकदम कोसळते

नवी मुंबईत नेरूळ ते वाशी, रोज सरळसोट पाम बीच रोड. पारसिक हिलच्या वळणांवर मात्र गाडी आधी झुकायला नाही म्हणायची, मग एकदम आत पडायची. काँक्रीटच्या सांध्यांवर हँडल थरथरायचं. हवा कमी-जास्त केली, बॅलन्सिंग केलं, स्टीअरिंगचे बेअरिंग तपासले. जीव नुसता मेटाकुटीला आला.

शेवटी मागच्या टायरवर आडवी स्टीलची पट्टी धरली. मधला पट्टा चपातीसारखा सपाट! म्हणूनच गाडी आधी त्या सपाटीवर अडायची आणि तिची कड ओलांडली की आत पडायची. खाचा शिल्लक होत्या, म्हणून इतके दिवस टायरवर संशयच गेला नाही.

मग क्रमाने असं केलं. मूळ मापच घेतलं: पुढे १२०/७० झेडआर१७, मागे २४०/४५ झेडआर१७. दुकानदार २४० ऐवजी २०० मिमी रुंदीचा टायर 'बसतो' म्हणाला. बसेलही, पण या रुंद रिमवर त्याची गोलाई बिघडते. नको. मॉडेल मूळचंच, पिरेली डायाब्लो रोसो ३, आणि दोन्ही टायर एकदम बदलले. टायरच्या कडेवरच्या डॉट (DOT) या खुणेतले शेवटचे चार आकडे, म्हणजे टायर बनल्याची तारीख, वाचले (२३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा). मागचं चाक एकाच बाजूच्या आर्मवर (चाक धरणाऱ्या दांड्यावर) आहे, त्यामुळे बॅलन्सिंगला वेगळा अडॅप्टर लागतो. तो आहे का, हे गाडी नेण्याआधीच विचारा. टायरवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेने, चाकाचा मधला नट टॉर्क रेंचनेच (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने), हवा मॅन्युअलप्रमाणे, टायर थंड असताना. पहिले १५० किलोमीटर हळू.

आता पारसिकला गाडी सांगाल तेवढीच झुकते.