टोकियोचं राष्ट्रीय संग्रहालय पाहायला जाताय? या चुका टाळा

उएनोच्या बागेतलं टोकियो राष्ट्रीय संग्रहालय हे जपानमधलं सर्वांत जुनं राष्ट्रीय संग्रहालय. त्याची सुरुवात १८७२ सालच्या एका प्रदर्शनातून झाली. आज त्याच्या संग्रहात सुमारे १,२०,००० वस्तू आहेत आणि एका वेळी मांडलेल्या असतात साधारण ३,०००. म्हणजे शंभरातल्या दोन-तीनच. तिथून हिरमुसून परतणाऱ्यांच्या बहुतेक तक्रारींचं मूळ या आकड्यात आहे, म्हणून सुरुवात तिथूनच.

हवं ते चित्र तिथे असेलच असं धरून जाणं

होकुसाई या चित्रकाराची ती प्रसिद्ध लाट बघायची म्हणून लोक जातात आणि ती सापडत नाही. पहारेकऱ्याला विचारतात, तो नम्रपणे मान हलवतो. यात कुणी फसवलेलं नसतं. कागद, रेशीम आणि नैसर्गिक रंग उजेडाने फिके पडतात आणि एकदा उडालेला रंग परत येत नाही. त्यामुळे चित्रं, सुलेखन, किमोनो, लाकडी ठशांची छापील चित्रं काही आठवड्यांनी उतरवून अंधारात विश्रांतीला पाठवतात आणि त्यांच्या जागी दुसरी लावतात. हासेगावा तोहाकु या चित्रकाराचे पाइन वृक्षांचे घडीचे पडदे जपानी शाईचित्रकलेत सर्वोच्च मानले जातात. पण ते पाहायला मिळण्याची खरी आशा नववर्षाच्या सुरुवातीलाच. तेव्हा ते बाहेर काढण्याचा प्रघात आहे. एप्रिलमध्ये साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, पाहायला गेलेल्या माणसाने त्यांची आस धरू नये.

उपाय साधा आहे. संग्रहालयाच्या संकेतस्थळावर प्रत्येक दालनात सध्या काय मांडलंय त्याची यादी तारखांसकट असते, इंग्रजीतही. ती निघण्याच्या आठवडाभर आधी पाहून ठेवा. हवी ती वस्तू नसेल तर मन दुसऱ्या कशावर तरी बसवायला वेळ मिळतो. शिल्पं, भांडी, धातूकाम उजेडाला इतकं नाजूक नसतं. पण तिथेही अदलाबदल होते, तेव्हा यादी पाहणं चुकवू नका.

दालनातला अंधार हाही त्याच कारणाचा. आत शिरल्या शिरल्या ‘काही दिसतच नाही’ म्हणून पुढे सरकू नका. दोन-चार मिनिटं थांबलं की डोळे सरावतात आणि काळ्या वाटणाऱ्या रेशमावर सोनं दिसू लागतं.

वार, वेळ, तिकीट

सोमवारी बंद. सोमवारी सरकारी सुट्टी आली तर सोमवारी उघडं आणि दुसऱ्या दिवशी बंद. वर्षअखेरीसही काही दिवस बंद. एरवी सकाळी ९.३० ते संध्याकाळी ५, शेवटचा प्रवेश अर्धा तास आधी. शुक्रवारी-शनिवारी रात्री ८ पर्यंत उघडं ठेवण्याची पद्धत आहे आणि माझं मत विचाराल तर शुक्रवारची संध्याकाळच निवडा. शाळांच्या सहली गेलेल्या असतात.

नेहमीच्या प्रदर्शनाचं मोठ्यांचं तिकीट १,००० येन. दर बदलू शकतात, तेव्हा एकदा खात्री करा. १८ वर्षांखालच्या मुलांना आणि ७० वर्षांवरच्यांना ते मोफत असतं, पण वयाचा पुरावा लागतो. आई-बाबांना घेऊन गेलात आणि त्यांचे पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत राहिले तर पैसे भरावे लागतील. परदेशी पाहुण्याने पासपोर्ट जवळ बाळगावा असा तिथे कायदाच आहे, तेव्हा तो तसाही खिशात हवा.

विशेष प्रदर्शनाचं तिकीट वेगळं आणि बरंच महाग. रांग पाहून गडबडू नका, ती बहुधा त्या प्रदर्शनाची असते. कायमस्वरूपी दालनांसाठी आला असाल तर तिथे उभं राहायची गरज नाही. उलट विशेष प्रदर्शनाचं तिकीट काढलंत तर त्याच दिवशी नेहमीची दालनंही त्यावर पाहता येतात, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

सगळ्या इमारती एका दुपारी उरकणं

हा आपला खास रोग. पैसे भरलेत, मग सगळं बघायचं. आवारात शिरलं की समोर होनकान, जपानी कलेची मुख्य इमारत. आधीची इमारत १८८२ ची, जोसाया कॉन्डर या इंग्रज वास्तुविशारदाची. १९२३ च्या भूकंपात तिचं जबर नुकसान झालं आणि सध्याची इमारत १९३८ मध्ये उघडली. उजवीकडे तोयोकान, म्हणजे आशियाचं दालन. होनकानच्या मागे डावीकडे हेइसेइकान, तिच्या तळमजल्यावर पुरातत्त्व. डाव्या हाताला १९०९ ची घुमटवाली ह्योकेइकान. ती बाहेरून पाहायची; आत बहुधा तात्पुरतं काही असेल तरच सोडतात. आणि तिच्याही मागे, झाडीत दडलेलं, होऱ्यूजी मंदिराच्या खजिन्याचं दालन.

अर्धा दिवस असेल तर होनकानचा वरचा मजला आणि आणखी एकच इमारत. यापेक्षा जास्त घेतलं तर शेवटच्या तासात तुम्ही काचा मोजत चालाल.

होनकानमध्ये लोक तळमजल्यावर सुरुवात करतात, कारण दार तिथे उघडतं. आधी जिना चढा. वरच्या मजल्यावर जपानी कला काळाच्या क्रमाने लावली आहे, जोमोन या प्रागैतिहासिक काळातल्या मातीच्या भांड्यांपासून एदो काळातल्या छापील चित्रांपर्यंत. खाली प्रकारवार मांडणी आहे: शिल्प, लाखकाम, तलवारी, चिनी मातीची भांडी. वरचं पाहून खाली आलं की खालचं आपोआप जागेवर बसतं. उलट केलं तर तलवारीनंतर तबक आणि तबकानंतर मुखवटा, असा सगळा गोंधळ होतो.

काळांची जपानी नावं डोक्यात राहत नाहीत ही तक्रार नेहमीची. आपल्याकडचे खुंट मारून घ्या. नारा काळ ७१० ते ७९४: वेरुळला कैलास कोरला जात होता तो काळ. हेआन ७९४ ते ११८५. कामाकुरा ११८५ ते १३३३: देवगिरीचे यादव आणि ज्ञानेश्वर. मुरोमाची १३३६ ते १५७३: बहमनी आणि पुढे आदिलशाही-निजामशाही. एदो १६०३ ते १८६८, म्हणजे शिवाजी महाराज, पेशवाई आणि सत्तावनचा उठाव हे सगळं एकट्या एदोच्या पोटात बसतं. एवढं पाठ असलं तर पाट्या परक्या वाटत नाहीत.

उभ्या उभ्या, डावीकडून उजवीकडे पाहणं

मराठी वाचणारा डोळा डावीकडून सुरू करतो. जपानी गुंडाळीचं चित्र उजवीकडून डावीकडे उलगडतं. उलटं चाललात तर लढाई आधी संपते आणि नंतर सैन्य निघतं. जोडीच्या घडीच्या पडद्यांचंही तेच. ऋतू दाखवले असतील तर वसंत बहुधा उजव्या टोकाला असतो.

दुसरं उंचीचं. हे पडदे जमिनीवर बसलेल्या माणसांसाठी रंगवलेले आहेत. उभं राहून पाहिलं की आपण चित्राकडे वरून पाहतो आणि घड्यांमुळे होणारी खोली निघून जाते. थोडं मागे सरा, गुडघे वाकवा, डोळे पडद्याच्या मध्याशी आणा. नदी पुढे येते, झाडं मागे जातात. पाटावर बसून जेवलेल्या पिढीला हे सांगायला लागू नये, पण काचेसमोर सगळे ताठ उभे असतात.

तलवारींपाशी ही चूक सर्वांत महागात पडते. आपल्याकडच्या संग्रहालयांत आपण तलवारीची मूठ पाहतो, तिच्यावरचं सोन्याचं काम, खोबणीतली रत्नं. पातं बऱ्याचदा म्यानात असतं, आणि फिरंग असेल तर ते युरोपातून आलेलं. टोकियोत उलट आहे. मूठ, म्यान सगळं काढून नुसतं पातं मांडतात, आणि समोरून सरळ पाहिलं तर ते पॉलिश केलेल्या पट्टीसारखं दिसतं. लोक दहा सेकंदांत पुढे जातात.

खरी गोष्ट धारेजवळच्या पांढरट रेषेत आहे. तिला हामोन म्हणतात. पातं तापवण्याआधी त्यावर मातीचा लेप देतात, पाठीला जाड आणि धारेला पातळ. पाण्यात बुडवल्यावर धार झटकन थंड होऊन कडक होते, पाठ हळू थंड होऊन चिवट राहते. दोन प्रकारच्या पोलादाची जिथे गाठ पडते तिथे ती रेषा उमटते. कुठे सरळ, कुठे लाटांची, कुठे ढगांसारखी; प्रत्येक घराण्याची वेगळी. ती दिसायची असेल तर दिव्याचं प्रतिबिंब पात्यावर आणावं लागतं. हळूहळू खाली वाका, डोकं इकडेतिकडे सरकवा. एका कोनात पातं काळं पडतं आणि धार पेटल्यासारखी उजळते. तो कोन सापडला की मग शेजारची तलवार अगदी वेगळी दिसते.

या संग्रहालयात मिकाझुकी मुनेचिका आणि दोजिगिरी यासुत्सुना ही अत्यंत नावाजलेली पाती आहेत. दोन्ही ‘राष्ट्रीय खजिना’ या सर्वोच्च दर्जाची. मिकाझुकीच्या हामोनजवळ चंद्रकोरींसारख्या खुणा आहेत, तिचं नाव त्यावरूनच पडलं. तीही नेहमी मांडलेली नसते. आणखी दोन बारकावे: धार खाली ठेवून मांडलेली ती जुनी, घोडेस्वाराची ताची, धार वर ठेवलेली ती नंतरची, कमरपट्ट्यात खोवायची. मुठीत बसणाऱ्या भागावरचा गंज पाहून ‘साफ केली नाही वाटतं’ म्हणू नका. तो मुद्दाम राखतात, कारण वय आणि अस्सलपणा त्यावरून ओळखतात.

‘हे तर आपलंच’ म्हणून पुढे जाणं

बेंझाइतेन म्हणजे सरस्वती, बिशामोनतेन म्हणजे कुबेर ऊर्फ वैश्रवण, ताइशाकुतेन म्हणजे इंद्र, फुदो म्हणजे अचल. ही ओळख पटली की आनंद होतो, मोबाइलवर घरच्या ग्रुपला फोटो जातो आणि बघणं तिथेच संपतं. खरं बघण्यासारखं पुढेच असतं. आपला उग्र महाकाल तिथे पोहोचेपर्यंत तांदळाच्या पोत्यांवर उभा, हातात हातोडी घेतलेला, हसतमुख दाइकोकुतेन कसा झाला? हा प्रवास गांधार, मध्य आशिया, चीन, कोरिया असा झाला आणि त्याचे टप्पे तोयोकानमध्ये मजल्या-मजल्यावर आहेत. तिथे गांधारची शिल्पं आहेत, चिनी बुद्धमूर्ती आहेत, तळघरात कंबोडियाची ख्मेर शिल्पं आहेत. ती १९४४ मध्ये फ्रेंच संशोधन संस्थेशी झालेल्या अदलाबदलीतून आली. एवढं असून ही इमारत बहुतेक वेळा शांत असते. ‘भारताचं काय बघायचं जपानमध्ये’ म्हणून आपलीच माणसं ती टाळतात, हे मला तरी पटत नाही.

होऱ्यूजीचं दालन सुटणं

कोपऱ्यात आहे म्हणून सुटतं. नारा जवळच्या होऱ्यूजी मंदिराने १८७८ मध्ये ३०० हून अधिक वस्तू सम्राटाच्या घराण्याला दिल्या आणि बदल्यात आलेल्या १०,००० येनमधून मोडकळीला आलेलं मंदिर सावरलं. त्या वस्तू इथे आहेत. इमारत वास्तुविशारद योशिओ तानिगुचीची, १९९९ ची. तोयोकान त्याच्या वडिलांनी बांधली. आत एका अंधाऱ्या खोलीत वीतभर-हातभर उंचीच्या सोनेरी मुलाम्याच्या बुद्धमूर्ती, प्रत्येक आपापल्या काचेत. चारी बाजूंनी फिरता येतं, तेव्हा पाठीमागूनही पाहा. त्यांच्यात मायादेवीचा लहानसा शिल्पगट शोधा: तिच्या बाहीतून बाळ बुद्ध डोकावतोय.

याच संग्रहात ताडपत्रावरची एक संस्कृत पोथी आहे, प्रज्ञापारमिता हृदयसूत्राची. ती क्वचित बाहेर येते. यादीत दिसली तर त्या दिवसाचा बाकीचा बेत बदला. होऱ्यूजीच्या सुवर्णगृहातली भित्तिचित्रं अजिंठ्याच्या नात्यातली मानली जातात. ती मंदिरातच होती आणि १९४९ च्या आगीत होरपळली, तेव्हा ती इथे शोधू नका. नृत्य-मुखवट्यांची खोली ठरावीक दिवशीच उघडते, तेवढं आधी पाहा.

अडलं तर

फोटो काढता येतात, पण ज्या वस्तूपाशी कॅमेऱ्यावर काट मारलेली खूण असेल तिचा नाही. फ्लॅश, ट्रायपॉड, सेल्फी स्टिक नाही. काचेत आपलाच शर्ट दिसत असेल तर गडद कपडे घाला किंवा तिरके उभे राहा. टिपणं काढायची तर पेन्सिलने. पेन बाहेर काढलं की कुणीतरी हळूच येऊन पेन्सिल देईल. पाठीवरची सॅक लॉकरमध्ये ठेवा, नाणं परत मिळतं. मोठी बॅग मात्र उएनो स्टेशनवरच सोडून या.

शाकाहारी असाल तर पोटभर खाऊन जा. नूडल्सच्या साध्या दिसणाऱ्या रश्शातही वाळवलेल्या माशाचा अर्क असतो. पाय दुखले तर होनकानमागची बाग आहे, तळं आणि जुनी चहाघरं असलेली.

जाण्याआधी सराव हवा असेल तर मुंबईतल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंनी दिलेल्या संग्रहातल्या चिनी आणि जपानी वस्तू आहेत. लाखकाम आणि हस्तिदंती कोरीवकाम तिथे निवांत पाहता येतं.

आणि परत आल्यावर ‘ते काय होतं बरं?’ असं होऊ नये म्हणून वस्तूच्या फोटोनंतर लगेच तिच्या पाटीचा फोटो घ्या. पाटीवरचा नोंदणी क्रमांक किंवा नाव कोलबेस या जपानच्या राष्ट्रीय संग्रहालयांच्या मोफत संकेतस्थळावर टाकलं की त्या वस्तूची माहिती मिळते, आणि बहुतेकदा तुमच्या फोटोपेक्षा पुष्कळ चांगला फोटोही.