भंगाराचा रेट पडलाय? काय लगेच द्यायचं, काय ठेवायचं आणि काट्यावर काय बघायचं

रेट पडला की वर्कशॉपवाले दोनच गोष्टी करताना दिसतात, एकतर घाबरून सगळं एकाच गाडीत भरून देऊन टाकतात, नाहीतर वाढू दे मग बघू म्हणून शेडच्या मागे ढीग लावत बसतात, आणि दोन्हीत पैसे जातात. कारण भंगार म्हणजे काही एकच माल नाही, त्यात लोखंड आहे, बीड (कास्ट आयर्न) आहे, तांबं, पितळ, ॲल्युमिनियम, स्टेनलेस आहे आणि प्रत्येकाचा भाव वेगळ्या कारणानं हलतो. मी हे पुण्याजवळच्या भोसरीतल्या छोट्या मशीन शॉपच्या हिशेबानं लिहितोय, पण जुनं घर पाडताना निघालेल्या ग्रिल-पाइपांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

आधी बघा नक्की पडलंय काय. तांबं आणि ॲल्युमिनियमचा भाव लंडनच्या एलएमई या धातूबाजारावरून चालतो, आपल्याकडे एमसीएक्स या वायदेबाजारात तो किलोमागे रुपयात दिसतो, मोबाइलवर फुकट बघता येतो. लोखंडाचं तसं नाही, ते आपल्या भागात बऱ्यापैकी जालन्याच्या भट्ट्यांवर अवलंबून असतं, तिथं भंगार वितळवून सळई बनते, त्यामुळे पावसाळ्यात बांधकामं मंदावली की सळई उठत नाही आणि भंगार खाली येतं. कधी सरकारी निर्णयानंही पडतं. मे २०२२ मध्ये केंद्रानं बऱ्याच स्टील मालाच्या निर्यातीवर १५ टक्के ड्युटी लावली तेव्हा स्टील घसरलं होतं, ती ड्युटी नोव्हेंबरमध्ये काढली. म्हणून "मार्केट डाऊन आहे साहेब" एवढ्यावर मान डोलवू नका, कशाचं डाऊन आहे ते विचारा. बऱ्याचदा लोखंड पडलेलं असतं आणि त्याच वाक्यात तांब्याचाही रेट कापला जातो.

यासाठी एक सवय लावून घ्या, दर आठवड्याला एका वहीत एमसीएक्सचा तांब्याचा भाव आणि तुमच्या भंगारवाल्याचा भाव शेजारी शेजारी लिहायचा. दोन-तीन महिन्यात दोघातला फरक साधारण किती असतो ते कळतं. मग एमसीएक्स १० रुपयांनी उतरलं आणि यानं ४० कापले तर तिथेच वही उघडून बोलता येतं. माझ्या मते रेट पडतो तेव्हा सगळ्यात कामाची वस्तू ही वही आहे, कारण उतरलेला भाव त्याच दिवशी सांगितला जातो आणि चढलेला मात्र आपण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

आता ठेवायचं की द्यायचं. हिशेबासाठी लोखंड ३२ रुपये आणि तांबं ८०० रुपये किलो धरू. एक लाखाचं लोखंड म्हणजे तीन टनांच्या वर माल, अर्धी शेड अडते, आणि एक लाखाचं तांबं म्हणजे १२५ किलो, कुलुपाच्या कपाटाशेजारी चार-पाच गोण्यात बसतं. बँकेचं सीसी (कॅश क्रेडिट कर्ज) १२ टक्क्यांनी असेल तर लोखंडावर महिन्याला किलोमागे ३२ पैसे व्याज, म्हणजे तीन महिने थांबलात तर जवळपास एक रुपया वाढला तरच बरोबरी, आणि तोवर टर्निंग, म्हणजे लेथ मशीनवर निघालेला कीस, गंजणार, त्यात पाणी साचणार, गंजलेला माल म्हणून वर कट (वजनात किंवा भावात कपात) लागणार. म्हणून लोखंडाचं टर्निंग-बोरिंग, म्हणजे असा कीस-भुसा, थांबवू नका, रेट पडलेला असला तरी महिन्याच्या महिन्याला काढा. जाड कटिंग, प्लेटचे तुकडे कोरड्या जागी असतील आणि जागा असेल तर थोडं थांबायला हरकत नाही. तांबं, पितळ ठेवता येतं, पण तिथेही मागचा भाव परत येईलच अशा भरवशावर राहू नका. जुलै २००८ मध्ये तांबं एलएमईवर टनाला ८,९०० डॉलरच्या आसपास होतं, डिसेंबरपर्यंत ३,००० च्या खाली आलं आणि परत ९,००० बघायला डिसेंबर २०१० उजाडला. ज्याला पगार द्यायचेत त्याला एवढं थांबणं परवडत नाही.

रेट आपल्या हातात नाही पण माल वेगळा करणं आहे, आणि पडत्या मार्केटमध्ये त्याचाच फरक जास्त पडतो, कारण भट्टीवाल्याकडे माल भरपूर येतो, तो निवडून घेतो आणि मिक्स मालाला सगळ्यात खालचा रेट लावतो. बिडाचं बोरिंग आणि स्टीलचं टर्निंग एका ड्रममध्ये कधीच टाकू नका, प्रत्येक लेथला वेगळा पत्रा ठेवा, जॉब बदलला की आधी ट्रे झाडायचा मग चालू करायचं. प्रेसशॉपचं सीआर पंचिंग (कोल्ड रोल्ड पत्र्याचे पंच केलेले तुकडे) असेल तर ते भट्टीत वितळवायच्या साध्या भंगाराच्या भावात देऊ नका, कोल्हापूरकडच्या फाउंड्र्यांना ते स्वच्छ असेल तर हवं असतं. पितळेच्या चिप्समधून चुंबक फिरवून लोखंड काढा, जामनगरला जाणारा माल घेणारा हेच आधी तपासतो. कूलंट लागलेल्या चिप्स जाळीवर उतरत ठेवा, एक-दोन दिवस निथळल्या तरी "ऑइल कट" म्हणून जे टक्के मारतात त्यावर बोलता येतं आणि खाली जमलेलं तेल परत वापरता येतं ते वेगळंच.

स्टेनलेसमध्ये बरेच जण फसतात. चुंबक चिकटत नाही म्हणजे महागडी ३०४ ग्रेड असं नाही, स्वस्त २०२ ग्रेडलाही चिकटत नाही. ३०४ मध्ये निकेल ८ टक्के किंवा वर आणि २०२ मध्ये ४ ते ६, त्यामुळे रेटमध्ये मोठा फरक. माल घेतानाचं टेस्ट सर्टिफिकेट जपून ठेवा, तुकड्यांवर पेंटनं ग्रेड लिहा, नाहीतर ३०४ असूनही २०२ च्या भावात जाईल.

वायर असेल तर जाळू नका, धूर विषारी आहे आणि जळकं तांबं खालच्या ग्रेडमध्ये जातं. नमुना काढा: त्याच वायरीतली बरोबर एक किलो घ्या, ब्लेडनं सोला, तांबं वजन करा. समजा ६०० ग्रॅम निघालं आणि सोललेल्या तांब्याला ८०० मिळतात, तर त्या वायरीत किलोमागे ४८० रुपयांचं तांबं आहे. भंगारवाला न सोललेल्या वायरीला ४५० देत असेल तर देऊन टाका, तीस रुपयासाठी माणूस बसवू नका, ३५० म्हणत असेल तर सोला.

काट्यावर स्वतः जा किंवा भरवशाचा माणूस पाठवा. रिकामी गाडी आणि भरलेली गाडी एकाच काट्यावर, त्याच्यावर वैध मापन (सरकारी वजनमापं) खात्याच्या पडताळणीचं चालू सर्टिफिकेट बघून. रिकाम्या वजनाच्या वेळी गाडीत पाण्याचे ड्रम, जादा माणसं नाहीत ना ते वाकून बघा, कारण रिकामं वजन जितकं जास्त तितका तुमचा माल कमी दिसणार. भरलेल्या वेळी सगळी चाकं प्लॅटफॉर्मवर पूर्ण आहेत ना आणि गाडी चढायच्या आधी डिस्प्लेवर शून्य आहे ना, एवढं बघायला दोन मिनिटं लागतात. तांबं-पितळ गाडीच्या काट्यावर करू नका, तो ५-१० किलोच्या टप्प्यानं वजन दाखवतो, ते प्लॅटफॉर्म काट्यावर गोणीनिशी करा आणि रिकाम्या गोण्या वेगळ्या मोजून वजा करा.

भाव विचारताना तिघांना एकाच दिवशी, शक्यतो एकाच तासात विचारा, आणि लोडिंग कोणाचं, भाडं कोणाचं, कट किती, जीएसटी धरून की सोडून हे सगळं व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेनं कुदळवाडीतली भंगाराची शेडं पाडल्यापासून इकडचे बरेच व्यापारी लांब गेलेत, त्यामुळे भाड्याचा मुद्दा आधीपेक्षा जास्त महत्त्वाचा झालाय. पडत्या मार्केटमध्ये उधारी तर अजिबात नको, माल गेल्यावर "काल रेट अजून पडला" म्हणून बिल कापलं जातं, तेव्हा पैसे खात्यात आल्याचा मेसेज बघूनच गेट उघडायचं. मग व्यापारी कितीही जुना असू दे, चांगला व्यापारी याचं वाईट वाटून घेत नाही.

जीएसटी नंबर असेल तर लक्षात ठेवा, १० ऑक्टोबर २०२४ पासून अडीच लाखांवरच्या सौद्यात नोंदणीवाला खरेदीदार २ टक्के जीएसटी टीडीएस कापतो, ती रक्कम जीएसटी पोर्टलवर ॲक्सेप्ट केली की तुमच्या कॅश लेजरमध्ये (पोर्टलवरच्या तुमच्या जमा खात्यात) येते, म्हणून पेमेंट कमी आलं म्हणून भांडायच्या आधी हे तपासा.

जे तांबं-पितळ ठेवलंय ते एकदम विकायला बसू नका. ठेवतानाच गोणीवर तारीख, वजन आणि त्या दिवसाचा भाव लिहा, कुठल्या भावाला पहिला एक तृतीयांश हिस्सा काढायचा आणि कुठल्या तारखेला भाव काहीही असला तरी दुसरा हिस्सा काढायचा हे आजच ठरवून वहीत लिहून ठेवा, आणि पगार किंवा जीएसटी भरायच्या तारखेच्या निदान आठवडाभर आधी विक्री करा, कारण घाईत आहात हे समोरच्याला कळलं की तो पहिला भाव दहा-वीस रुपये कमीच सांगतो.